चांद्याचा डोळा

ताराचंदच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या माणसाची एकदा फजिती व्हावी लागते, त्याशिवाय त्याची बायको धुरपताबाई चहा टाकत नाही. त्यांच्या फळीवर लोणच्याची एक लहानशी बरणी आहे. काचेची. आत कैरीच्या फोडी, वर तेलाचा थर, आणि पोटावर दाराचा उजेड वाकडा होऊन पडलेला. त्यांच्या पोरीला पाहायला पाहुणे आले होते तेव्हा त्यांच्यातल्या एका मामानं जेवता जेवता हात लांब केला, बरणी उतरवली आणि झाकण फिरवायला लागला. फिरवतो, फिरवतो, झाकण काही हलेना. मामा घामाघूम झाला. शेवटी धुरपताबाईनं सांगितलं की मामाजी, ते अख्खं लाकूड आहे, त्याच्यावर रंग दिलेला आहे. सोयरीक जुळली, पण मामा अजून ताराचंदशी बोलत नाही.

ही बरणी रंगवणारा माणूस वांगी पिकवतो. ओढ्याकाठी दोन एकर, त्यात वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि सगळा माल समुद्रपूरच्या बाजारात. हाताला माती लागलेली नसेल तेव्हा रंग लागलेला असतो. शिवणीच्या लाकडाची बारकी बारकी खेळणी कोरायची आणि त्यांच्यावर काच रंगवायची, हा त्याचा नाद. अंगठ्याएवढा कंदील केला होता त्यानं छकड्याला टांगायला. त्याची काच एका बाजूनं काजळी धरलेली दिसायची. धुरपताबाईचं म्हणणं असं की वांग्याला अळी लागलीय आणि हा माणूस कंदिलाला काजळी लावत बसलाय. तिचंही खोटं नव्हतं. अळी मी डोळ्यांनी पाहिली.

मी त्याला एकदा विचारलं होतं की बाबा, रंगाची काच कशी होते. तो म्हणाला, "काचेले रंगच नसते, महादेवभाऊ. काचेत काच सोडून सारं दिसते. जे समोर हाय ते रंगवाचं. दार, उजेड, मानूस. मंग पाह्यनारा आपल्या मनानंच म्हनते का काच हाय."

मला ते तेव्हा पटलं नाही. तीन दिवस नुसती बरणी दारात ठेवून तिच्याकडे पाहत बसायचं, मग बकरीच्या शेपटीच्या दोन केसांच्या ब्रशानं त्यात दार काढायचं, ते दार जिथं वाकतं तिथं वाकवायचं, वरून वार्निसचे सात हात द्यायचे आणि प्रत्येक हात वाळल्यावर तो राखेनं घासायचा, हे रिकामटेकड्या माणसाचं काम आहे असं माझं मत होतं. मी नियमाचा माणूस. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. उतारू आधी उतरू द्या, मग चढा, हे वाक्य मी आयुष्यात जेवढ्या वेळा बोललो तेवढ्या वेळा रामाचं नाव घेतलं असतं तर आज वेगळीकडे असतो. निवृत्त झालो, पण शिट्टी काही खिशातून निघाली नाही. गावानं ती शिट्टी पाहून मला पोळा समितीचा सचिव केला. आमचं गाव समुद्रपूरहून गिरडकडे जाताना लागतं. नाव सांगत नाही, अण्णाजी वाचतील.

अण्णाजी म्हणजे समितीचे देणगीदार. अध्यक्ष नानाजी, कारण माईक त्यांच्या घरी असतो.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा भरतो. लेकरं लाकडाचे बैल सजवून आणतात, बैलांना खाली चाकं असतात, मग नंबर निघतात आणि नंतर घरोघर बोजारा मागत फिरणं. कुणी खाऊ देतं, कुणी नोटा देतं. खऱ्या बैलांच्या आता गावात पाचच जोड्या उरल्या आहेत, बाकी सगळ्यांकडे ट्रॅक्टर. लाकडी बैल मात्र दरसाल वाढत आहेत, संख्येनंही आणि उंचीनंही. अण्णाजींचा नातू पीयूष गेल्या साली जो बैल घेऊन आला तो उतरवायला चार बाप्ये लागले.

त्याच साली भानगड झाली. गुंजन नावाच्या पाच वर्षांच्या पोरीच्या बैलाला कंच्यांचे डोळे होते, खेळायच्या काचेच्या गोट्या. त्यातला एक निखळला आणि तिनं तो नाकात घातला. पोरगी जांभळी पडली, आई रडायला लागली, नानाजींनी माईकवरून विचारलं की कुणाचा डोळा हरवला आहे काय. शेवटी तिच्या आजीनं तपकीर हुंगवली. पोरगी अशी शिंकली की डोळा थेट अण्णाजींच्या धोतरावर. त्याच संध्याकाळी समिती बसली आणि मी माझ्या अक्षरात नियम लिहिले. बैल लाकडाचा असावा. लेकरू बारा वर्षांच्या आतलं असावं. उंचीला मर्यादा असावी असं मी सुचवलं, त्यावर अण्णाजी खोकले, म्हणून मग उंचीचा नियम उंचीला मर्यादा नाही असा लिहिला. आणि चौथा नियम, बैलाचे डोळे काचेचे नसावेत. त्याच्याखाली मी दोन रेघा ओढल्या.

आता चांद्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

चांद्या हा ताराचंदचा खरा बैल. कपाळावर चंद्र, म्हणून चांद्या. मोठ्या पोळ्यात कुणाची जोडी तोरणाखालून आधी जाणार आणि कुणाची नंतर, हे आमच्या गावात पणजोबांच्या वेळेपासून ठरलेलं आहे. भाजीवाल्यांची जोडी सगळ्यांत शेवटी. का, ते कुणाला ठाऊक नाही. विचारलं तर लोक सांगतात, पहिलेपासून आहे. एका वर्षी चांद्या भर ओळीतून पुढे निघाला. जनावरच ते, त्याला काय माहीत की आपण भाजीवाल्याचे आहोत. मी शिट्टी फुंकली, हात वर केला आणि त्याला वेसणीला धरून पार मागे नेऊन उभा केला. लोक हसले. ताराचंद कासरा घेऊन मागे गेला. मी नियमाचं काम केलं, घरी गेलो आणि चार पुरणपोळ्या खाल्ल्या. त्यानंतर चांद्या जेवढे पोळे जगला तेवढे शेवटी उभा राहिला, आणि ओळ लावायला दरवेळी मीच होतो.

यंदा चैत्रात चांद्या म्हातारपणानं गेला. ताराचंदनं त्याला ओढ्याकाठीच पुरलं आणि दुसऱ्या दिवशी शिवणीचा ओंडका घेऊन बसला. सहा महिने, कारण यंदा अधिक मास होता, तो त्या एका बैलावर काम करत होता. दोन हात उंच, मान जराशी डावीकडे, कारण चांद्याची मान तशीच होती. नात आचल, मुलाची मुलगी, बोरगाव मेघेला शाळेत शिकते, ती पोळ्याला येणार होती. तान्ह्या पोळ्यात पणजोबांचं काही चालत नाही, तिथं गुण असतात. ज्याचा पहिला नंबर त्याचा बैल तोरणाखालून सगळ्यांच्या पुढे जातो. ताराचंद मला वाटेत भेटला तेव्हा त्यानं तेवढंच सांगितलं. "जितेपनी नाई गेला, महादेवभाऊ. लाकडाचा त जाऊ द्या एक डाव."

मी म्हटलं, नियमात बसला तर जाईल. असं बोलण्यात माझी हयात गेली आहे.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी चावडीसमोर पन्नासेक बैल उभे होते. पीयूषचा बैल यंदा आणखी वाढला होता. त्याच्या पोटात ट्रॅक्टरची बॅटरी बसवली होती, डोळ्यांत लाल दिवे लुकलुकत होते आणि शेपटी ओढली की भजन लागायचं. पीयूष स्वतः त्या बैलाच्या सावलीत मोबाईल पाहत बसला होता. तोरण त्याला ठेंगणं पडत होतं, म्हणून ते दोन बांबू जोडून वर उचललं. बैल तोरणात बसत नसेल तर तोरण बैलात बसवायचं, असा आमचा रिवाज आहे. दिवे काचेचे नाहीत, प्लास्टिकचे आहेत, हे अण्णाजींनी न विचारताच सांगितलं.

आणि ओळीच्या मध्यात आचलच्या हातात चांद्याचा कासरा.

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. झूल नाही, बेगड नाही, शिंगांना नुसता हिंगूळ. पण त्याचे डोळे. मोठ्या बोराएवढे, काळेभोर, ओले. त्यांच्यात आभाळ होतं. आपण डावीकडे गेलो तरी बैल आपल्याकडेच पाहतो आहे असं वाटायचं. भोवतीची लेकरं आपापले बैल सोडून तिथं जमली. एक म्हातारी तर डोळ्यातलं पाणी पुसायला पदर घेऊन पुढे झाली. बैलाच्या डोळ्यातलं.

नानाजी थबकले. मग त्यांचा चेहरा असा खुलला की त्यांना जणू चोर सापडला. "चौथा नियम," ते माईकमध्ये म्हणाले.

ताराचंदनं हात जोडून सांगितलं की काच नाही, रंग आहे. नानाजींनी अंगठीनं डोळ्यावर टकटक करून पाहिलं. आवाज खणखणीत आला. सहा महिन्यांचं वार्निस, आवाज येणारच. अण्णाजींनी वाकून डोळ्यावर फुंकर घातली, वाफ धरली. काचेवरच वाफ धरते, असं ते म्हणाले. त्यांच्या टकलावरही धरत असावी, पण तिथं कुणी फुंकर घालत नाही. ताराचंद पुन्हा म्हणाला, रंग आहे. मग जाणकार माणूस पाहिजे असं ठरलं आणि कवडूला बोलावलं. कवडूचं काच-फ्रेमचं दुकान आहे. तो भिंग लावून पाच मिनिटं चांद्याच्या डोळ्याला डोळा लावून बसला, मग उठून म्हणाला की वीस वर्षं काच कापतोय, ही एक नंबरची काच आहे, आणि असा माल ताराचंदनं कुठून आणला ते त्याला स्वतःला विचारायचं आहे.

ताराचंदला हसावं की रडावं कळेना. आयुष्यभर त्यानं रंगाची काच केली, आणि ज्या दिवशी ती पुरती जमली त्या दिवशी तीच त्याच्या गळ्याशी आली.

नानाजींनी तोड काढली. रंगच असेल तर खिळ्यानं खरडून दाखव, खालून लाकूड निघालं तर समिती मान्य करेल. कवडूनं खिळा दिला. ताराचंदनं खिळा हातात घेतला, चांद्यापुढे उकिडवा बसला, डाव्या हातानं त्याची मान धरली. मला वाटलं, आता खरडतो आणि पहिला नंबर घेतो. एका डोळ्याचा तर प्रश्न. पण त्याचा हात तिथंच राहिला. मग त्यानं खिळा खाली ठेवला.

"जित्या चांद्यानं जे पाह्यलं ते हाय त्याच्यात," तो म्हणाला. "मी नाई खरडत."

जित्या चांद्यानं काय पाहिलं, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. नानाजींनी माझ्याकडे पाहिलं, सचिवाचा शब्द शेवटचा. मी तेव्हा लेकरांची ओळ मागे रेटत होतो, डोक्यावर टोपी, तोंडात शिट्टी, एक हात वर. तसाच गेलो आणि वाकलो. डोळ्यात पाहिलं तर मला मीच दिसलो. टोपी, तोंडात शिट्टी, वर केलेला हात, सगळं बारीक, सगळं स्पष्ट. आता याहून मोठा पुरावा काय असतो. रंगात कधी आपलं तोंड दिसतं काय. मी शिट्टी तोंडातून काढली, गावासमोर उभा राहिलो आणि छातीवर हात ठेवून सांगितलं की मला यात माझं रूप दिसलं, ही काच आहे.

ताराचंद माझ्याकडे पाहत राहिला. ओठ हलले, पण शब्द काही फुटला नाही. चोरी पकडली की माणूस असाच गप्प होतो, असं मला वाटलं. तीस वर्षं विनातिकीटवाले पकडले होते, मला वाटायचं की चेहरे वाचावेत तर आपणच.

चांद्या बाद झाला. मी शिट्टी फुंकली आणि त्याला ओळीच्या शेवटी नेऊन उभा केला. आचल म्हणाली, "आजोबा, काऊन?" तर ताराचंदनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पहिला नंबर पीयूषचा. त्याचा बैल भजन म्हणत तोरणाखाली शिरला, शिंग तोरणात अडकलं, आंब्याची पानं, सुतळी आणि एक बांबू असं सगळं घेऊन पलीकडे निघाला. नानाजी माईकवर म्हणाले की असा मान आजवर कुणी घेतला नव्हता. मागच्या बैलांना जायला तोरणच उरलं नाही. लेकरांना त्याचं काही नव्हतं, ती बोजारा मागायला पळाली. आचललाही धुरपताबाईनं बळेच पाठवलं, चांद्याशिवाय, नुसतीच.

उन्हं कलली होती. मैदानात मी, ताराचंद आणि चांद्या. ताराचंद चाकाची खीळ ठोकत होता. मला नियमाप्रमाणे बाद झालेल्या बैलाच्या मालकाची सही घ्यायची होती. गरमीनं टोपी काढून पिशवीत घातली, शिट्टीही टाकली आणि सहीचा कागद काढायला चांद्याशेजारी टेकलो. सहज डोळ्यात पाहिलं.

डोळ्यात मी होतो. डोक्यावर टोपी होती. तोंडात शिट्टी होती. हात वर होता.

मी डोक्यावर हात फिरवला. टोपी नव्हती. डोळ्यातला माणूस हलला नाही. मी उजवीकडे सरकलो, तो तिथंच. चष्मा लावला. मग हळूहळू सगळं दिसायला लागलं. त्या माणसाच्या मागे बैलांची पाठमोरी रांग होती, पाठी आणि शेपट्या, एकामागे एक बारीक होत गेलेल्या, आणि त्यांच्या पार टोकाला, मोहरीच्या दाण्याएवढं, हिरवं तोरण. डोळ्याच्या गोलाईनं जे वाकायचं ते वाकलेलं. आणि सगळ्यांच्या पुढे, सगळ्यांत मोठा, मी. मागे हो म्हणत.

एवढ्या वर्षांत चांद्यानं पोळा म्हणून जे पाहिलं ते एवढंच होतं.

मला लाज वाटली. असं लिहायला सोपं जातं, पण साठी उलटल्यावर भर उजेडात लाज वाटणं ही वेगळीच गोष्ट आहे, घाम फुटतो. ताराचंदला सगळं ठाऊक होतं. मी छातीवर हात ठेवून रूप दिसलं म्हणालो तेव्हाच तो एका वाक्यात मला गावासमोर उघडा करू शकला असता. नुसतं म्हणायचं होतं की महादेवभाऊ, टोपी काढून पुन्हा पाहा. पहिला नंबर त्याच्या जिभेच्या टोकावर होता, आणि तो त्यानं गिळला.

मी उठलो. म्हटलं, मी नानाजींकडे जातो, माईक अजून काढला नसेल, साऱ्या गावाला सांगतो की काच नाही, रंग आहे, माझी चूक झाली. चांद्याला आत्ताच्या आत्ता तोरणाखालून नेऊ, दुसरं बांधू.

ताराचंदनं खीळ ठोकायची थांबवली नाही.

"राहू द्या, महादेवभाऊ," तो म्हणाला. "काचच हाय म्हना. रंग हाय म्हटलं त सारं गाव वाकून पाह्यन. अन् आत कोन दिसन? तुमी."

मग त्यानं चाक फिरवून पाहिलं, कासरा हातात घेतला आणि चांद्याला घेऊन घराकडे निघाला. मी मैदानात उभा होतो. दोन पावलं त्याच्या मागे टाकली, मग थांबलो.

मी माईकपर्यंत गेलो नाही. पोळा सरला, दिवाळी गेली, चांद्या आता त्यांच्या बरणीच्या फळीखाली असतो, तोंड भिंतीकडे करून. येणारा पाहुणा विचारतो की बैलाचं तोंड तिकडे का, तर धुरपताबाई सांगते की ह्यांनी तसंच ठेवायला सांगितलं आहे. मी त्यांच्याकडे जातो, चहा पितो. चौथा नियम अजून माझ्याच अक्षरात आहे, खाली दोन रेघा.